पाठकोरे

२ एप्रिल

प्रिय ठके,

अनेक आशीर्वाद. पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. फोन केला नाही, कारण मला तुझ्याकडून इंग्रजी शिकायचं आहे आणि चूक कागदावर दिसते, फोनवर दिसत नाही.

तुझे टाके निघेपर्यंत सांगायचं नाही असं ठरवलं होतं, आता सांगतो. १४ मार्चला माझ्याकडच्या एका सहा मजली इमारतीतली लिफ्ट सरकली. लोक 'पडली' म्हणतात. पडली नाही. आत एकच माणूस असला की दोराच्या पलीकडचं वजन जड ठरतं, आणि ब्रेक निसटला तर लिफ्ट वर जाते. तशी ती वर गेली. तिसऱ्या मजल्यावर सफाईच्या बाई बाहेर पाय टाकत होत्या, त्या अडखळून पडल्या आणि घोट्याचं हाड मोडलं. ही साधी गोष्ट साहेबांना तीनदा समजावली, तरी अहवालात 'पडली'च लिहिलं आहे. असल्या लोकांसमोर मला माझी बाजू मांडायची आहे.

ठपका माझ्यावर आहे. देखभालीत हयगय. सिद्ध झालं तर सत्तावीस वर्षांची नोकरी आणि लायसन्स, दोन्ही जाणार. २० मेला चौकशी आहे. अधिकारी मुख्य कचेरीतून येणार, त्यांना इंग्रजीशिवाय काही येत नाही. मात्र नियम असा, की ज्याच्यावर ठपका आहे त्याला साक्षीदारांना स्वतः प्रश्न विचारता येतात. आणि मुख्य साक्षीदार कोण, तर आमचे स्टोअरकीपर, तुझ्या नणंदेचे यजमान! जानेवारीत ब्रेकच्या पट्ट्या त्यांनी भलत्याच कंपनीच्या दिल्या होत्या. मी तेव्हाच भुवया उंचावल्या होत्या. आता त्यांना उघडं पाडायचं. ते तुझ्या सासरचे, म्हणून आधीच सांगून ठेवतो, माझा राग माणसावर नाही, पट्ट्यांवर आहे.

दुभाषा म्हणून ऑफिसचा टायपिस्ट देतो म्हणतात. तो आणि स्टोअरकीपर रोज एका टेबलावर डबा खातात. मी 'लपवलंत का' विचारलं, तर हा 'सापडत नव्हतं का' असं करून सांगेल. नको मला. मी स्वतः विचारणार.

अडचण एकच. माझं इंग्रजी शाळेतलं नाही, मॅन्युअलमधलं आहे हे तुला माहीत आहे. तीन कंपन्यांची मॅन्युअलं मला तोंडपाठ आहेत. पण परवा पहिला प्रश्न लिहायला बसलो आणि हात अडला. मॅन्युअल कधी काही विचारत नाही गं. घट्ट करा, पुसा, उघडू नका. सत्तावीस वर्षांत मी त्यात एक प्रश्नचिन्ह पाहिलेलं नाही.

तेव्हा तू इंग्रजीची मास्तरीण आहेस, मला प्रश्न करायला शिकव. सोबत पाच कागदांवर माझी वाक्यं आहेत, त्यांचे प्रश्न कसे होतात ते लिहून पाठव. कागद पाठकोरे आहेत, हसू नकोस. तपासणीच्या प्रत्येक पानाच्या तीन प्रती निघतात. पांढरी ऑफिसला, पिवळी इमारतीच्या मॅनेजरला आणि गुलाबी आमच्याकडे. गुलाबीला कुत्रं विचारत नाही. त्या इमारतीचा गठ्ठा टेबलावरच होता, त्यातली वरची पानं घेतली.

बाकी काळजी करू नकोस. दर मंगळवारची तपासणी, वर्षानुवर्षं, एक चुकलेली नाही. दुसरे मेकॅनिक महिन्याची पानं एक तारखेलाच भरून सही ठोकून ठेवतात. आमच्यात त्याला 'पेरणी' म्हणतात. तुझ्या दादाने पेरणी कधी केली नाही.

तुझा,
दादा

८ एप्रिल

प्रिय दादा,

सा. न. वि. वि. विचारलं नाहीस तरी सांगते, मी बरी आहे. जिना चढताना अजून धाप लागते, आणि शाळा नेमकी दुसऱ्या मजल्यावर. वर्गात खुर्चीवर बसून शिकवते, तर मुली म्हणतात, बाई राणीसारख्या दिसता.

चौकशीचं वाचलं. इतके दिवस एकट्याने पोटात ठेवलंस? वहिनीला तरी सांगितलंस का? नसेलच सांगितलं.

आता धडा. तुझी वाक्यं दोन प्रकारची आहेत. 'द लिफ्ट इज ओल्ड' हा पहिला. यात 'इज'ला उचलायचं आणि दारात नेऊन बसवायचं. 'इज द लिफ्ट ओल्ड?' संपलं. दुसरा प्रकार 'यू चेक्ड द ब्रेक'. इथे दारात बसवायला कुणी नाही, म्हणून बाहेरून एक माणूस आणायचा, 'डिड'. 'डिड यू चेक द ब्रेक?' 'डिड' आला, की झालेल्या काळाचं ओझं तो घेतो, आणि 'चेक्ड' हात झटकून पुन्हा 'चेक' होतो. तू लिहिलं होतंस 'डिड यू चेक्ड'. ओझं दोघांच्या डोक्यावर द्यायचं नाही.

आणि हो. नणंदेच्या यजमानांना तू उघडं पाड नाहीतर झाकून ठेव, मी तुझी बहीण आधी आहे. पण ते माणूस म्हणून भित्रे आहेत, लबाड नाहीत. एवढं बोलून थांबते.

तुझी,
ठकी

१५ एप्रिल

प्रिय ठके,

धडा समजला. तुझ्यापेक्षा सोपा करून सांगू? 'डिड' म्हणजे काउंटरवेट, लिफ्टच्या दोराच्या पलीकडचं वजन. एका बाजूला वजन चढलं की दुसरी हलकी होते. हे व्याकरणाच्या पुस्तकात कुणी लिहीत नाही, कारण पुस्तकं लिहिणारे लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेले नसतात.

मला या भाषेची एक गोष्ट आवडली आणि एक खटकली. आपल्याकडे माणूस वाक्य बोलत जातो, बोलत जातो आणि शेवटी हळूच 'का' लावतो. समोरचा गाफील सापडतो. हे लोक आधीच 'डिड' म्हणून दार वाजवतात. स्टोअरकीपर सावध होणार! यावर काही तोड आहे का? शिवाय 'केव्हा', 'कुठे', 'कोणी' यांचं काय? तू मला नुसते हो-नाहीचे प्रश्न शिकवलेस. मुद्दाम, की पुढच्या धड्यात येणार आहेत?

तुझं ते 'भित्रे आहेत, लबाड नाहीत' दोनदा वाचलं. भित्रा माणूस काय करील सांगता येत नाही. काल ते मला गेटवर दिसले, तर नमस्कार करून घाईघाईने आत गेले. टायपिस्ट मागोमाग. माझं लक्ष असतं.

सोबत नऊ कागद. सत्तर वाक्यांचे प्रश्न केले आहेत. लाल शाईने तपास, हात आखडू नकोस.

तुझा,
दादा

२२ एप्रिल

प्रिय दादा,

सत्तरपैकी चौसष्ट बरोबर. माझ्या नववीतल्या मुलींना दाखवावंसं वाटलं.

'केव्हा', 'कुठे', 'कोणी' सोपे आहेत. केलेला प्रश्न तसाच ठेवायचा आणि त्याच्या डोक्यावर 'व्हेन', 'व्हेअर' ठेवायचं. 'व्हेन डिड यू चेक द ब्रेक?' 'हू'चं मात्र वेगळं. करणाराच माहीत नसतो तेव्हा 'डिड' लागत नाही. 'हू चेक्ड द ब्रेक?'

या वेळी वाक्यं मी देते. यांचे प्रश्न कर.

यू वेअर इन द बिल्डिंग ऑन ट्यूजडे.
यू लुक्ड अ‍ॅट द ब्रेक.
यू रोट नाइन-फॉर्टी.
यू साइन्ड द शीट.
यू लेफ्ट फॉर माय टाउन ऑन मंडे.

सावकाश कर. घाई नाही.

ठकी

२८ एप्रिल

ठके,

पाचही सोबत आहेत. 'वेअर यू इन द बिल्डिंग ऑन ट्यूजडे?' वगैरे. पाचातले पाच बरोबर येणार याची खात्री आहे, तपासायचीही गरज नाही.

पण मला एक सांग. ९.४० हा आकडा तू कुठून आणलास? मी तुला कुठल्याही पत्रात वेळ लिहिलेली नाही. पत्रांच्या नकला मी ठेवतो, काढून पाहिल्या. आणि 'मंडे'चं वाक्य मध्येच कुठून आलं? शाळेतले स्वाध्याय 'सीता आंबा खाते' असे असतात.

दुसरी गोष्ट. मागच्या रविवारी तू नणंदेकडे गेली होतीस असं कळलं. कुणाकडून ते विचारू नकोस. जिना चढताना धाप लागणारी बाई तासाभराचा प्रवास करून तिथे जाते, म्हणजे काम तसंच असणार. तिथे माझी वाक्यं वाचून दाखवलीस का? मी काय काय विचारणार त्याची यादी स्टोअरकीपरच्या खिशात गेली का? तू 'मी तुझी बहीण आधी' असं लिहिलं होतंस, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. जे असतं ते कुणी लिहून सांगत नाही.

सरळ उत्तर दे.

दादा

४ मे

दादा,

नणंदेकडे मी तिच्या मुलीची, मागे मागून आणलेली झबली परत द्यायला गेले होते. तुझं नाव निघालं, चौकशीचं निघालं, मी तोंड मिटून बसले. यावर विश्वास ठेव किंवा ठेवू नकोस.

आता ९.४०. तुझी वाक्यं तपासून झाली की मी कागद उलटून ठेवते, शाई वाळायला. तसा तुझ्या पहिल्या पत्रातला सगळ्यात वरचा कागद उलटला. गुलाबी बाजू. ११ मार्च, मंगळवार. वेळ सकाळी ९.४०. ब्रेकच्या पट्ट्या पाहिल्या, बरोबरची खूण. तेल गळती नाही, बरोबरची खूण. खाली तुझी सही, नेहमीसारखी, शेवटी टिंब देऊन.

दादा, ११ मार्चला माझं ऑपरेशन झालं. तारीख माझ्या डिस्चार्ज कार्डावर आहे, मी तीनदा पाहिली. हे दौऱ्यावर होते म्हणून सोमवारी संध्याकाळी मी तुला फोन केला आणि मंगळवारी सकाळी सहाला तू दारात उभा होतास. नऊ चाळीसला मला आत नेलं तेव्हा माझा चष्मा तुझ्या खिशात होता. मी शुद्धीवर आले तेव्हा तू खाटेचा दांडा फिरवून बघत होतास आणि नर्सला सांगत होतास, याला जन्मात कुणी ग्रीस लावलेलं नाही. हसू आलं आणि टाके दुखले. ते दुखणं मी विसरणार नाही.

आधी मला वाटलं, तू बुधवारी परत जाऊन ब्रेक पाहिला असशील आणि तारीख मंगळवारची टाकली असशील. तसं म्हणशील म्हणून ती पाच वाक्यं दिली. तू पाचही प्रश्न बरोबर केलेस. एकाचंही उत्तर दिलं नाहीस.

हा प्रश्न विचारायचा हक्क जगात सगळ्यांत कमी मला आहे, कारण तू माझ्यासाठी आलास. तरी विचारते, आणि हा स्वाध्याय नाही. बुधवारी, गुरुवारी, शुक्रवारी तू तो ब्रेक पाहिलास का? नसशील, तर २० तारखेला तू नणंदेच्या यजमानांना ज्या खड्ड्यात ढकलणार आहेस, तो कुणाचा आहे?

आणि हा कागद तू मला चुकून पाठवलास की मुद्दाम?

ठकी

८ मे

माझे सगळे पाठकोरे परत पाठव. पहिल्या पत्रातले पाच आणि दुसऱ्यातले नऊ, एकूण चौदा. रजिस्टर पोस्टाने.

शिकवणी पुरे झाली. सासर जवळ असतं हे आई म्हणायची, ते खोटं नव्हतं.

१२ मे

दादा,

चौदाही सोबत आहेत. मोजून घे. झेरॉक्स काढलेली नाही. कुणाला दाखवलेले नाहीत, यांनासुद्धा नाही.

लाल शाई तेवढी राहिली आहे, ती पुसता येत नाही.

ठकी

२३ मे

प्रिय ठके,

पाकीट आलं तेव्हा मी काय केलं ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं खरं वाटेल. कागद मोजले. चौदा भरले. पुन्हा मोजले. मग प्रत्येक कागद उजेडात धरून टाचणीची भोकं पाहिली, कारण झेरॉक्सवाला टाचणी काढतो आणि परत लावताना जुन्या भोकात लावत नाही. भोकं एकेकच होती. तरी मनात म्हटलं, मास्तरीण हुशार आहे, फोटो काढला असेल.

११ मार्चचं पान चुलीत घालायचं मनात आलं. आमच्याकडे चूल नाही, म्हणून खिशात ठेवलं.

वीस तारखेला खोलीत एक लांब टेबल होतं. अधिकारी बाई होत्या, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. डावीकडे टायपिस्ट, समोर स्टोअरकीपर, दाराजवळ खुर्चीवर प्लास्टरचा पाय पुढे करून सफाईच्या बाई. स्टोअरकीपरच्या हाताखाली एक खाकी पाकीट होतं. त्यावर ते तळवा दाबून बसले होते. मी ओळखलं की आपल्या पानाचा फोटो त्यात आहे. तू दिलंस. आता मी पहिला प्रश्न विचारला की तो फोटो बाहेर येणार.

तरी विचारला. 'डिड यू गिव्ह मी न्यू ब्रेक लायनिंग्ज इन जॅन्युअरी?' अधिकारी बाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. स्टोअरकीपर 'येस' म्हणाले. मी म्हटलं, 'वेअर दे फ्रॉम अनदर कंपनी?' पुन्हा 'येस', आणि त्यांनी पाकीट उघडलं. पाकिटातून पट्ट्यांच्या चाचणीचा दाखला निघाला. शिक्क्यासकट. पट्ट्या चांगल्या होत्या. बिघडवल्या त्या गिअरच्या तेलाने, थेंब थेंब गळून. त्याला चार-पाच दिवस लागतात, म्हणजे मंगळवारी पाहिलं असतं तर ते दिसलंच असतं. हे मला अपघाताच्या दिवशी वर मशीनखोलीत उभं राहिल्या राहिल्या कळलं होतं. बॅटरी मारली आणि दिसलं. मग मी दोन महिने पट्ट्यांच्या कंपनीचं नाव घोकत बसलो.

माझ्याकडे एकोणीस प्रश्न लिहिलेले होते. तिसरा विचारायच्या आधी स्टोअरकीपर मराठीत बोलायला लागले, माझ्याकडे नाही, टायपिस्टकडे बघून. म्हणाले, "बाईंना सांगा, मंगळवारच्या पानावर यांची सही होती. दुसऱ्या कुणाची असती तर शुक्रवारच्या आधी मी एकदा माणूस पाठवला असता, पट्ट्या नवीन होत्या म्हणून. पण यांची सही असली की मी पुढे बघत नाही. हे पेरणी करत नाहीत."

टायपिस्टने ते भाषांतर करून सांगितलं. शब्द न शब्द. 'पेरणी'ला त्याला इंग्रजी शब्द सापडेना, तर त्याने पूर्ण समजावून सांगितली, आणि मी ती करत नाही हेही सांगितलं. ज्या माणसावर मी पाळत ठेवली, तो माझी वकिली करत होता, आणि ज्याला मी खड्ड्यात घालणार होतो, तो माझ्या सहीवर उभा होता. त्यांना काहीच माहीत नव्हतं. तू खरंच तोंड मिटून बसली होतीस.

अधिकारी बाईंनी विचारलं, 'एनी मोर क्वेश्चन्स?'

मी म्हटलं, "आय वॉज नॉट देअर. ऑन द इलेव्हन्थ. आय वॉज नॉट देअर." आणि खिशातलं पान काढून टेबलावर ठेवलं, गुलाबी बाजू वर करून. हे वाक्य मला कुणी शिकवावं लागलं नाही. 'नॉट' मॅन्युअलमध्ये पानोपानी आहे.

मग सगळं सांगितलं. सोमवारी तुझा फोन आल्यावर रजा मागितली असती तर मंगळवारी दुसऱ्याला पाठवला असता. पण माझ्या लिफ्टला दुसऱ्याचा हात लागलेला मला खपत नाही. म्हणून पान सोमवारीच भरलं, जाता जाता पिवळी प्रत मॅनेजरच्या टेबलावर ठेवली, आणि बुधवारी आल्यावर बघू म्हटलं. बुधवारी दुसऱ्या इमारतीत दोर बदलायचे होते. गुरुवारीही तेच. आणि पानावर बरोबरची खूण होतीच ना! ठके, खोटं लिहिलेलं स्वतःच्या अक्षरात असलं की माणसाला ते खरं वाटायला लागतं. एकच पान पेरलं, तर नेमकं तेच उगवलं.

तू विचारलंस, चुकून पाठवलं की मुद्दाम. चुकून. मी मुद्दाम काही चांगलं केलं असं मनात आणू नकोस.

निकाल कागदावर यायचा आहे, पण तोंडी कळलं ते असं. नोकरी राहील, लायसन्स सहा महिने बंद. वर्कशॉपमध्ये स्टुलावर बसून मोटारींचं वाइंडिंग करायचं, आणि तेही दुसरा कुणी तपासणार. स्टोअरकीपरांचा काही संबंध नाही असं लिहिलं जाईल. अहवालात 'पडली' होतं ते मात्र मी 'वर सरकली' करून घेतलं. जाता जाता स्टोअरकीपर जिन्यात थांबले होते. त्यांनी माझी पिशवी धरली, बूट घालेपर्यंत.

आता शेवटचं. सफाईच्या बाई खाली कुबडीवर उभ्या होत्या. मी हात जोडले. त्या म्हणाल्या, "मग त्या दिवशी कुठे होता तुम्ही?" मी म्हटलं, "बहिणीकडे. तिचं ऑपरेशन होतं." त्यांनी विचारलं, "बरी आहे का आता?"

मला उत्तर देता आलं नाही. तू पहिल्याच पत्रात काहीतरी लिहिलं होतंस, पण त्यातलं मी इंग्रजी तेवढं वाचलं होतं. माझ्या नकला काढून पाहिल्या. शंभरेक प्रश्न केले मी दोन महिन्यांत, आणि तुझ्याबद्दलचा त्यातला एकही नाही.

हे पत्र नव्या वहीतल्या कागदावर लिहिलं आहे. उलटून बघ, मागे काही नाही.

ठके, बरी आहेस का?

दादा